लेदरचा सोफा आणि घरातली मांजरं: नखांपासून चामडं कसं वाचवायचं?

ओसरी

आमच्याकडे दोन देशी मांजरं आहेत, एक बोका आणि एक मांजरी, एकाच आईची. पिल्लं असताना सोसायटीच्या पार्किंगमधून वर आली ती घरचीच झाली. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. घरात खऱ्या चामड्याचा तीन जणांचा तपकिरी सोफा आहे. सासऱ्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेला. ते आता नाहीत, त्यामुळे सासूबाईंचा त्या सोफ्यात किती जीव आहे हे वेगळं सांगायला नको. रोज दुपारी त्या तिथेच बसून पोथी वाचतात आणि त्या वेळी मांजरी त्यांना चिकटून झोपलेली असते. त्यांना सोफाही हवा आहे आणि मांजरीही.

सोफ्याची अवस्था अशी: दाराकडच्या हाताच्या बाहेरच्या कोपऱ्यावर उभे ओरखडे आहेत, तिथे वरचा थर जाऊन आतली तुसं बाहेर आली आहेत. शिवाय बैठकीवर आणि पाठीच्या वरच्या कडेवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं पडली आहेत. ती दर महिन्याला वाढताहेत.

बाजारात चिकटपट्ट्या मिळतात, फवारे मिळतात, प्लॅस्टिकची कव्हरं मिळतात. पण ती चामड्याला चालतात का हे कोणी सांगत नाही. आम्ही डोंबिवलीला राहतो, पावसाळ्यात इथली हवा कशी असते ते माहीतच आहे. मांजरांना नखं घासायला खांब करायचा तर कसला करावा? झालेलं नुकसान भरून निघतं का? ज्यांच्या घरी मांजर आणि चामडं दोन्ही आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. "मांजरं कुणाला तरी देऊन टाका" हा सल्ला नातेवाइकांकडून भरपूर मिळाला आहे, तो इथे नको.

रानजाई

वाचतेय. आमच्याकडे सोफा रेक्झिनचा आहे, पण प्रश्न तोच. चांगला धागा, ओसरी.

दवाखाना

मी पशुवैद्य आहे, पुण्यात प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे येणाऱ्या मांजरमालकांचा हा नेहमीचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही नुकसानाचं वर्णन फार चांगलं केलं आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि लोक नेमक्या त्याच एकत्र करतात. हाताच्या कोपऱ्यावरचे उभे ओरखडे हे मांजराने मुद्दाम ओरबाडल्याचे आहेत. बैठकीवरची आणि पाठीच्या कडेवरची भोकं मात्र ओरबाडण्याची नाहीत. उडी मारून चढताना, उतरताना किंवा दोघं एकमेकांच्या मागे धावताना पकड घेण्यासाठी नखं बाहेर येतात, त्याची ती भोकं आहेत. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. कितीही छान खांब आणला तरी उडीची भोकं थांबणार नाहीत, आणि नखं कितीही कापली तरी ओरबाडणं थांबणार नाही.

आधी ओरबाडण्याविषयी. मांजराच्या पंज्यात बोटांच्या मधे गंधग्रंथी असतात. ओरबाडलं की तिथे खूणही उमटते आणि वासही राहतो. "इथे मी राहते" असं ती लिहून ठेवते म्हणा. नखावरचं जुनं टरफल निघून खालचं नवं टोक मोकळं होतं, ते वेगळंच. झोपून उठल्यावर पाठ आणि खांदे ताणायलाही मांजराला असाच भक्कम आधार लागतो. म्हणजे ही खोड नाही, तिच्या शरीराची गरज आहे. ओरडून, पाणी मारून ती जात नाही. फार तर तुम्ही समोर नसताना ओरबाडायचं एवढंच ती शिकते, आणि तुमच्याविषयी भीती बसते ती वेगळी.

आता जागा. तुमचा ओरबाडलेला कोपरा दाराकडचा आहे. घरात येण्याजाण्याच्या वाटेवरची, सगळ्यांना दिसणारी जागा मांजर खुणेसाठी पसंत करतं. दुसरी पसंती झोपायच्या जागेजवळची. त्यामुळे खांब आणून तो गॅलरीच्या कोपऱ्यात नजरेआड ठेवला तर त्याकडे ती ढुंकूनही पाहणार नाही. खांब त्याच कोपऱ्याला लागून, सोफ्याच्या हाताच्या पुढ्यात उभा करा. बैठकीच्या खोलीची शोभा जाते हे मान्य, पण काही महिने तो तिथेच राहायला हवा. सवय पक्की झाली की रोज वीतभर सरकवत बाजूला नेता येतो.

खांबाला दोन अटी. एक, मांजराने मागच्या पायांवर उभं राहून पुढचे पाय पूर्ण ताणले तरी वर जागा उरली पाहिजे, म्हणजे किमान तीन फूट उंच. दोन, तो हलता कामा नये. एकदा जरी तो डुगडुगला किंवा अंगावर आला तरी मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. बाजारात मिळणारे दीड फुटी खांब पिल्लांपुरते ठीक असतात. २०१६ साली चार हजारांवर मांजरमालकांची एक ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही उंच उभे आणि दोर गुंडाळलेले खांबच जास्त वापरले जातात असं दिसलं. खांब वापरल्यावर मांजराला खाऊ देणारे किंवा कौतुक करणारे मालक होते, त्यांच्याकडे तो वापर अधिक होता.

उड्यांच्या भोकांसाठी नखं नियमित कापणं आणि बैठकीवर जाड काहीतरी पसरणं हे दोनच खरे उपाय. त्याबद्दल इतरांनीही लिहावं.

माडबन

दवाखाना यांना अनुमोदन. खांबाचं मी सांगतो, कारण दापोलीला आमच्या घरी तो घरीच केला आहे आणि चांगला टिकला आहे.

बुंध्यासाठी चार इंच जाडीचा सरळ सोट घ्या. वखारीत तुकडे पडलेले असतात. शहरात ते मिळत नसेल तर जाड पीव्हीसी पाइपही चालतो, फक्त त्यात वाळू भरून दोन्ही तोंडं बंद करा, म्हणजे वजन येतं. तळाला दोन फूट बाय दोन फूट, अठरा एमएमची प्लाय. सोट तिच्यावर खालून लांब स्क्रूने चार ठिकाणी आवळायचा. एकच स्क्रू मधोमध मारला तर काही दिवसांत सोट फिरायला लागतो.

दोर घायपाताचा घ्या. दुकानात सिसल म्हणून मागितला तर मिळतो. आठ ते दहा एमएम जाडीचा. आमच्याकडे काथ्याचा सुंभ घरोघरी असतो, तोही चालतो, पण त्याची कुसळं खाली फार पडतात आणि तो लवकर पिंजतो. काही मांजरांना मात्र सुंभच आवडतो, आमच्या एकीला तोच लागतो. नायलॉनचा दोर अजिबात नको, नखं अडकतात आणि सटकतातही. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्याला हातोडीने ठोकून घट्ट बसवत जायचं, मधे फट राहता कामा नये. खिळे फक्त वरच्या आणि खालच्या टोकाला, तेही डोकं पूर्ण आत जाईल असे. मधे एकही खिळा नको, दोर झिजला की तो वर येतो आणि पंज्यात जातो.

आणखी एक. सगळी मांजरं उभं ओरबाडत नाहीत. काहींना आडवं लागतं. घरातल्या पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर ती नखं घासत असतील तर काथ्याचं जाड पायपुसणं एका फळीवर ठोकून जमिनीवर ठेवा. खर्च नाममात्र.

निवांत_दुपार

आमच्याकडे शेजारच्या काकू सांगतात की मांजराला वास सहन होत नाही, म्हणून सोफ्याच्या खाली डांबराच्या गोळ्या ठेवायच्या, किंवा निलगिरीचं तेल पाण्यात घालून फवारायचं. लिंबाच्या तेलाचंही ऐकलं आहे. मी अजून काही केलेलं नाही. हे चामड्याला आणि मांजराला चालेल का?

दवाखाना

निवांत_दुपार, विचारलंत ते फार बरं केलंत. यातलं काहीही करू नका, आणि काकूंनाही सांगा.

मांजराच्या यकृतात काही विशिष्ट पदार्थांचा निचरा करणारी यंत्रणा जवळजवळ नसते. फिनॉल वर्गातले पदार्थ माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरातून सहज बाहेर पडतात, मांजराच्या शरीरात ते साठतात. निलगिरी, टी ट्री, लवंग, पुदिना, लिंबूवर्गीय फळं यांची अर्क-तेलं या सगळ्यांत मांजराला त्रासदायक घटक असतात. मांजराने ते पिण्याचीही गरज नाही. फवारलेल्या सोफ्यावर ती बसते, तेल केसांना आणि पंज्यांना लागतं, मग ती अंग चाटते. लाळ गळणं, झोकांड्या जाणं, थरथर, उलट्या अशा अवस्थेत मांजरं दवाखान्यात येतात. डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅप्थलीन, तर सरळ विष आहे. कापूरही तसाच. काळं किंवा पांढरं फिनेल आणि जंतुनाशकं पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चाललं तरी हाच धोका असतो. फरशी धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच तिला त्या खोलीत सोडा.

लाल तिखट, मिरपूड फवारणं हाही एक सल्ला फिरत असतो. ते डोळ्यांत आणि नाकात जातं. मुक्या जनावराला असा त्रास देऊन सोफा वाचवायचा नसतो.

वासाचा उपयोग करायचाच असेल तर उलट बाजूने करा. खांबाकडे ओढ वाटेल असं बघा. कॅटनिप ही मांजरांना भुलवणारी वनस्पती माहीत असेल. आपल्याकडे खोकली नावाचं तण पावसाळ्यात रस्त्याकडेला, कुंपणाशी उगवतं. त्याच्या मुळांना मांजरं अशीच भुलतात. उपटलेलं मूळ स्वच्छ धुऊन खांबाच्या दोरावर चोळा आणि मूळ फेकून द्या. ओळख नक्की नसेल तर माहितगाराला दाखवल्याशिवाय काही उपटून आणू नका.

ओसरी

दवाखाना, माडबन, मनापासून आभार. खोकली आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी आहे, माळीकाकांनी ओळखून दिली.

चिकटपट्टीचं कोणी सांगेल का? दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक पट्टी सगळीकडे सुचवली जाते.

रापी

धागा आत्ताच पाहिला. माझं काम चामड्याचं आहे. वडील धारावीत काळा किल्ल्याच्या बाजूला बॅगा आणि जाकिटं शिवायचे, मी आता सोफे आणि गाड्यांच्या सीट दुरुस्त करतो. मांजरांविषयी वर जाणकारांनी लिहिलंच आहे, मी चामड्याचं लिहितो.

ओसरी, पट्टी थेट चामड्यावर लावू नका. मांजराला चिकट लागलेलं आवडत नाही हे खरं. पण सोफ्याचं चामडं साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाड असतं आणि त्याच्यावरचा रंगाचा थर त्याहून कितीतरी पातळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळून त्या थरात बसतो. काढताना रंग सोलून येतो. मांजराने चार ओरखडे काढले असते त्या जागी हातभर पट्टा गेलेला असतो. असे सोफे माझ्याकडे खूप येतात. पट्टी लावायचीच तर एक जाड कापड त्या कोपऱ्यावर ताणून मागून बांधा आणि पट्टी त्या कापडावर लावा. ॲल्युमिनियमची फॉइलही कापडावरच. पारदर्शक प्लॅस्टिकचे कडक कोपरे मिळतात, त्यांना गोंद आणि पिना असतात. पिना चामड्यात टोचल्या तर ती भोकं कायमची.

आता तुमचा सोफा कसला आहे ते आधी ओळखा, कारण सगळा इलाज त्यावर आहे. दुकानदार "प्युअर लेदर" म्हणतो तेव्हाही बऱ्याच सोफ्यांत बैठक, पाठ आणि हाताचा वरचा भाग एवढाच चामड्याचा असतो. बाहेरच्या बाजू आणि पाठीमागचा भाग जुळत्या रंगाच्या रेक्झिनचा असतो. मांजर ओरबाडतं नेमकं बाहेरच्या बाजूला. त्यामुळे तुसं निघालेला तुमचा कोपरा चामड्याचा आहे की नाही हे बघायला हवं. निघालेली तुसं बारकाईने पाहा. चामड्याची तुसं मऊ, केसाळ, सगळ्या दिशांना विस्कटलेली असतात आणि आतपर्यंत तसंच दिसतं. रेक्झिन फाटलं की वरची पापुद्र्यासारखी पट्टी निघते आणि खाली विणलेलं कापड दिसतं. वीण दिसली की ते चामडं नाही, मग दुकानदाराने काहीही सांगितलेलं असो.

तिसरा एक प्रकार आहे, चामड्याचा भुसा गोंदात घोळून कापडावर थापलेला. त्याला बाँडेड म्हणतात. कागदोपत्री तेही लेदर. आपल्या दमट हवेत काही वर्षांत त्याचे पोपडे सुटतात, मांजर असो की नसो. त्यावर पैसे घालू नका.

खऱ्या चामड्यातही दोन जाती समजून घ्या. सोफ्याच्या मागे, कुठे दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर वर रंगाचा थर आहे. असं चामडं दणकट, पुसायला सोपं, आणि दुरुस्त छान होतं. थेंब लगेच आत जाऊन डाग गडद झाला तर ते ॲनिलिन, म्हणजे उघडं चामडं. ते दिसायला सुंदर, हाताला गार आणि मऊ, पण नखाचा प्रत्येक ओरखडा त्यावर उठतो. त्यातले वरवरचे ओरखडे मात्र बोटाने चोळून, हेअर ड्रायरची हलकी ऊब देऊन बऱ्यापैकी बुजतात, कारण आतलं तेल वर येतं.

ओरखड्यांवर खोबरेल तेल लावायचा सल्ला घरातून मिळेल. लावू नका. चामडं काळं पडतं, धूळ धरतं, तेलाला खवट वास येतो आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी वाढते. बुटाचं पॉलिशही नको, ते कपड्यांना लागतं. व्हिनेगरने वरचा थर मंद पडतो.

संत्रानगरी

रापी, उत्तम माहिती. आमच्याकडे नागपूरला उलटा प्रश्न आहे. उन्हाळ्यात कूलर असूनही चामडं कोरडं पडतं आणि मांजराच्या नखाचं भोक असतं तिथूनच चीर जाते. सोफा खिडकीपासून दूर केला आणि चामड्याचं कंडिशनर वर्षातून दोन-तीनदा लावतो, तेव्हापासून चिरा वाढल्या नाहीत. मांजराला ऊन खायला खिडकीत वेगळी फळी ठोकून दिली. आधी ते सोफ्याच्या पाठीवरून खिडकीत उडी मारायचं. फळीपर्यंत चढायला एक स्टूल ठेवलं आणि पाठीची कड त्या वाटेतून सुटली.

दवाखाना

संत्रानगरी, हे फार महत्त्वाचं आहे. उडीची वाट बदलणं. ओसरी, तुमची मांजरं पाठीच्या कडेवरून कुठे जातात ते बघा. कपाटावर? खिडकीत? त्या जागी पोचायला दुसरी पायरी दिली तर निम्मी भोकं तिथेच थांबतील.

निवांत_दुपार

एक विचारायचं राहिलं. परदेशात म्हणे मांजराची नखं ऑपरेशन करून कायमची काढून टाकतात. आपल्याकडे होतं का ते?

हडसनकाठ

मी न्यूयॉर्क राज्यात राहते, म्हणून लिहिते. इथे पूर्वी हे सर्रास व्हायचं, काही घरमालक भाडेकरूंकडे तशी अटही घालायचे. २०१९ मध्ये राज्याने कायद्याने बंदी घातली. युरोपातल्या बऱ्याच देशांत त्याआधीपासूनच बंदी आहे. आमची मांजरी आधीच्या घरातून अशी नखं काढलेलीच आली. ती वाळूत पाय ठेवायला नाखूश असायची, उडी मारून उतरल्यावर पंजे उचलून चालायची. आणि तिला हात लावायला गेलं की आधी चावायची, कारण स्वतःला वाचवायला तिच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. सोफ्यासाठी हे कोणी करू नये, एवढंच कळकळीने सांगते.

दवाखाना

अनुमोदन. त्यात नुसतं नख काढत नाहीत. नख हाडातूनच उगवतं, त्यामुळे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर कापावं लागतं. आपली बोटं शेवटच्या पेरापाशी छाटल्यासारखं आहे ते. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात जनावराला अपंग करणं हा गुन्हा आहे. कोणी करून देतो म्हणालं तरी नाही म्हणा.

नखांवर चढवायच्या मऊ प्लॅस्टिकच्या टोप्या मिळतात, गोंदाने बसवतात. नख वाढून टरफल गळतं तशा महिना-दीड महिन्यात त्या पडतात. फक्त घरातच राहणाऱ्या शांत मांजराला त्या चालतात. बाहेर जाणाऱ्याला नको, त्याला झाडावर चढता येत नाही की स्वतःचा बचाव करता येत नाही.

मनीम्याऊ

नखं कापण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या गल्लीत ज्यांना जमत नाही त्यांच्या मांजरांची मीच कापते.

वेळ निवडा दुपारची, जेवून गुंगीत असताना. मांडीवर घ्या, पाठ तुमच्या पोटाला लागलेली. पंजा हातात घेऊन एका बोटावर वरून अंगठा आणि खालून पंज्याच्या मऊ गादीवर तर्जनी ठेवून हलकेच दाबा. नख पुढे सरकून येतं. आता उजेडाकडे धरा. नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसेल, ती जिवंत नस. तिच्या पुढचं टोक पारदर्शक पांढरट असतं आणि खाली वळलेलं असतं. कापायचं ते फक्त वळलेलं टोक. कात्री आडवी नको, उभी धरा, म्हणजे नख चिरत नाही. माणसाच्या नेलकटरने नख दाबलं जाऊन फुटतं, मांजराची छोटी कात्री मिळते तीच घ्या. काळ्या नखाला नस दिसत नाही, तिथे अगदी जरासंच टोक काढा.

आतल्या बाजूला वर जे अंगठ्याचं नख असतं ते विसरू नका. ते जमिनीला लागत नाही म्हणून झिजत नाही. म्हाताऱ्या मांजरांचं वळून गादीत रुतलेलं मी पाहिलं आहे, पू झालेला होता.

एका बैठकीत सगळी झालीच पाहिजेत असं नाही. दोन नखं कापली, खाऊ दिला, सोडलं. उद्या दोन. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर बोटाने दाबून धरा, थांबतं. पिल्लू असल्यापासून नुसते पंजे हातात घेऊन कुरवाळायची सवय लावली तर पुढे काही त्रास होत नाही.

भाकरवडी

सगळ्यांचं वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. मांजर असलेल्या घरात चामड्याचा सोफा ठेवूच नये. आम्ही बदलताना घट्ट विणीच्या मखमलीसारख्या कापडाचा घेतला. त्याला दोरे नाहीत, नख अडकत नाही, म्हणून मांजरं तो ओरबाडतच नाहीत. उलट सैल विणीचं, तागासारखं खरखरीत कापड घेतलं तर महिन्याभरात लक्तरं होतात. ओसरींचा सोफा चांगल्या स्थितीत असेल तर तो आतल्या खोलीत ठेवून दार लावलेलं बरं.

रापी

भाकरवडी, नवीन घेणाऱ्याला तुमचा सल्ला मीही देईन. पण ज्याच्याकडे जाड, रंगाचा थर असलेलं खरं चामडं आहे त्याने घाबरायचं कारण नाही. चामड्याला वीण नसते, त्यामुळे ओरबाडायला कापडापेक्षा ते मांजराला कमीच आवडतं. केस चिकटत नाहीत, वास धरत नाही, पुसता येतं. आणि चामडं पुन्हा पुन्हा दुरुस्त होतं. रेक्झिन एकदा फाटलं की फाटलं.

ओसरी

भाकरवडी, सोफा आत नेणं शक्य नाही. सासूबाई बैठकीच्या खोलीत बसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतात, तो त्यांचा दिवस आहे. बंद दारामागे ठेवायला तो सोफा घेतलेला नव्हता.

तुम्ही सगळ्यांनी सांगितलं त्याप्रमाणे पाहिलं. कोपऱ्याची तुसं केसाळ आहेत, वीण दिसत नाही. पाण्याचा थेंब वर मण्यासारखा राहिला. म्हणजे चामडंच आणि रंगाच्या थराचं. खांब माडबन यांच्या मापाने सुताराकडून करून घेतला आणि त्याच कोपऱ्याशी उभा केला. खोकलीचं मूळ चोळल्यावर मांजरीने त्याला गाल घासले, मग चारी पायांनी मिठी मारली. बोका अजून सोफ्याकडेच जातो, पण कोपऱ्यावर कापड बांधलं आहे.

बैठकीवर आणि पाठीवर दुहेरी घडीची सोलापुरी चादर टाकली आहे. ती जाड असल्याने नख आरपार जात नाही आणि सासूबाईंनाही उन्हाळ्यात चामडं चिकटण्यापेक्षा ती बरी वाटते. पाठीच्या कडेवरून दोघं शोकेसवर चढतात असं लक्षात आलं, तिथे आता स्टूल आहे.

दोन प्रश्न. चादरीखाली पावसाळ्यात बुरशी येईल का? आणि कोपऱ्याची दुरुस्ती मी घरी करू शकते का?

रानजाई

मधेच घुसते, क्षमस्व. आमचा बोका ओरबाडत नाही पण सोफ्याच्या मागे उभं राहून शेपटी थरथरवत मुततो. ते कसं थांबवायचं? त्याची नसबंदी केलेली नाही.

दवाखाना

रानजाई, ती हद्दीची खूण आहे. नसबंदी करून घ्या. बहुतेक बोक्यांचं हे त्यानंतर थांबतं, मात्र सवय जितकी जुनी तितका वेळ लागतो. घरात जितकी मांजरं त्याहून एक जास्त वाळूचा ट्रे ठेवा. डाग पडला की घासू नका, कागदाने टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर आधी लपलेल्या जागी तपासून वापरा. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास मांजराला मुताचाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच येतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. बोका वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवी थेंबभर किंवा अजिबात होत नाही असं दिसलं तर सोफ्याचा विचार सोडा आणि त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, दवाखान्यात न्या. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो.

रापी

ओसरी, चादरीचं उत्तर: येऊ शकते. पावसाळ्यात चादर रोज सकाळी काढून झटका, तासभर सोफ्यावर पंखा सोडा. ओली किंवा दमट चादर टाकायची नाही. सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागून हवा खेळली पाहिजे. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि ते फडकं लगेच धुवायला टाका, नाहीतर तीच बुरशी दुसरीकडे पसरते. उन्हात सोफा तापवू नका.

कोपऱ्याचं काम घरी होण्यासारखं आहे. तुसं ओढायची नाहीत, छोट्या कात्रीने पृष्ठभागालगत कापायची. मग चामड्याच्या क्लीनरने तेल-मळ काढून पूर्ण वाळू द्या. सुटलेले धागे बसवायला चामड्याचा पातळ गोंद बोटाने चोळा. वाळला की सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात फिरवा. खळगा उरला असेल तर लेदर फिलर अगदी पातळ थराने भरा, एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. घाईने जाड थर दिला की तो आक्रसून मधे खड्डा पडतो. मग रंग. सोफ्याच्या खालच्या बाजूला लावून वाळल्यावर कसा दिसतो ते बघा, ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात. स्पंजने टिपत लावा, ब्रशच्या रेघा उठतात. शेवटी वरचा संरक्षक थर.

टाचणीएवढी भोकं मात्र भरायला जाऊ नका. भरलेल्या भोकाचा ठिपका न भरलेल्यापेक्षा जास्त दिसतो. कंडिशनर लावत राहा, म्हणजे ती फाटणार नाहीत.

आणि हे सगळं आत्ता नको. हवेत दमटपणा असताना थर वाळत नाहीत, चिकट राहतात आणि त्यावर केस बसतात. बोक्याचं लक्षही अजून कोपऱ्यावरच आहे, म्हणजे केलेलं काम तो पुन्हा काढेल. दसऱ्यापर्यंत कापड बांधलेलं राहू द्या. तोवर तो खांबावर रुळेल आणि हवाही कोरडी होईल. रंग जुळवायला अडचण आली तर सोफ्याच्या खालच्या बाजूचा दिवसाच्या उजेडातला फोटो मला व्यनि (खाजगी निरोप) करा, कोणते दोन रंग मिसळायचे ते सांगतो.

ओसरी

बरं, दसऱ्यानंतर करते आणि कसं झालं ते इथेच लिहिते. नखं मात्र मनीम्याऊंनी सांगितलं तशी आजच दोघांची दोन-दोन कापली.